दहा शेहेचाळीसचा टॉवेल

जबाब
ठिकाण : कडेगाव पोलीस ठाणे
दिनांक : १८/०२/२०२५, सकाळी ११.१० वाजता
नाव : नाथाजी गणपती महाडिक
वय : ६३ वर्षे
धंदा : शेती, माजी सैनिक (हवालदार, सिग्नल)
राहणार : बोरजाईवाडी, ता. कडेगाव, जि. सांगली

मी वर लिहिलेला नाथाजी महाडिक, कोणाचेही बोलावणे नसताना आज आपल्या पायाने ठाण्यात येऊन सांगतो की, माझा हा जबाब पोलीस हवालदार वीरधवल निकम लिहून घेत आहेत. मीही हवालदारच होतो, पण फौजेतला. साहेब म्हणाले मुद्द्याचे बोला. मुद्दा असा की, दिनांक ११/०२/२०२५ रोजी आमच्या शिवारात आकाराम बाबू सुतार, वय ३८, यास विजेचा धक्का बसला, त्याबद्दल मी दिनांक १२ रोजी वीज कंपनीच्या चौकशीस आलेल्या साहेबांना जे सांगितले ते अर्धे होते. त्या अर्ध्या सांगण्यावरून उपकेंद्रातील ऑपरेटर त्रिशला जिनेश मगदूम यांना दिनांक १३ पासून कामावरून निलंबित केले आहे. त्यांची यात चूक नाही. उरलेले अर्धे सांगण्यास मी आलो आहे.

मी पत्नी शालूबाई व सून शिवांजली यांच्यासह राहतो. मुलगा धैर्यशील साताऱ्यास एमआयडीसीत कामाला असून दर रविवारी घरी येतो. फौजेत मी बावीस वर्षे सिग्नलमध्ये काढली. निरोप घेणे, निरोप देणे, पोच घेणे, वेळ लिहिणे हेच काम. माझ्या हातून गेलेला निरोप चुकला असे बावीस वर्षांत एकदाही झाले नाही. ही बढाई नाही. पुढे लागणार आहे म्हणून सांगून ठेवतो.

आकाराम हा कागदावर तंत्रज्ञ असला तरी गावात त्यास वायरमन म्हणतात. तो आमच्या गावात नऊ वर्षे आहे. चहाला माझ्या विहिरीवर येऊन बसे. विजेबद्दल मला जे काही कळते ते त्याने सांगितलेले. उपकेंद्रात वीज येते ती तेहतीस हजार व्होल्टची. तिथल्या मोठ्या ट्रान्सफॉर्मरमधून ती अकरा हजारांची होऊन निघते. उपकेंद्रातून तिचे दोन रस्ते फुटतात, त्यांना फीडर म्हणतात. एक गावठाणाचा, तो चोवीस तास. एक शेतीचा, तो पाळीप्रमाणे आठ तास. बिघाडाने फीडर आपोआप बंद पडला की त्यास ट्रिप झाला म्हणतात, आणि तो पुन्हा चालू करण्यास चार्ज करणे म्हणतात. शिवारातल्या लहान ट्रान्सफॉर्मरवर ती चारशे चाळीस होते, ती माझ्या मोटरीला. घरात दोनशे तीस. खांबावर तारेच्या टोकाला चिनी मातीच्या बशा असतात, त्या मोजायच्या. आकाराम म्हणायचा, "आबा, एक बशी म्हंजे अकरा, तीन बशा म्हंजे तेहतीस. बशा वाढल्या की आपन लांब व्हायचं. घरातला करंट झिणझिण्या आणून सांगतो तरी. अकरा हजार काय सांगत बसत न्हाई. त्याला हात लावायला बी लागत न्हाई, जवळ गेला की वढतंय." नातवाला शिकवावे तसे मला शिकवायचा. मी ऐकून घ्यायचो.

माझी विहीर माळाच्या कडेला उंचावर आहे. खाली ओढ्याच्या खळग्यात शेतीच्या फीडरचे तीन खांब आहेत व त्यांच्याखाली माझा दीड एकर आडसाली ऊस उभा आहे. विहिरीवर मोबाईलला रेंज येते. ओढ्यात येत नाही. त्यामुळे खाली काम निघाले की आकाराम वरून उपकेंद्राला फोन करी, लाइन बंद करा म्हणून सांगे, खाली उतरे आणि लाइन बंद झाली की नाही हे कळावे म्हणून पुन्हा वर येई. सन २०१९ च्या पावसाळ्यात एके दिवशी असे त्याने तीन हेलपाटे मारले. तेव्हा तो म्हणाला, "आबा, तुमी फौजेत झेंडं दावायचा न्हवं? मग मला टॉवेल दावा की." मी म्हणालो, "झेंडं माझ्या आज्याच्या काळात रं, आमी वायरलेसवाले." पण मला ते आवडले, हे खरे आहे. रिटायर झालेल्या माणसाला कोणी कामाला लावले की तो सुखावतो.

तेव्हापासून आमची रीत ठरली. माझी मोटर चालू ठेवायची. शेतीचा फीडर बंद झाला की मोटर बंद होते व हौदात पडणारी पाण्याची धार थांबते. धार थांबली की मी बांधावर उभा राहून पांढरा टॉवेल दोन्ही हातांनी डोक्यावर ताणून धरायचा. आकारामने उजवा हात वर करून पोच द्यायची आणि मग चढायचे. पोच मिळेपर्यंत मी टॉवेल खाली घेत नसे. सहा वर्षांत मी असा टॉवेल पंचवीस-तीस वेळा दाखवला असेल. एकदाही चुकला नाही. नियमाप्रमाणे उपकेंद्रातून लेखी परमिट घ्यायचे असते, चढण्याआधी लाइन तपासायची असते आणि तारेला अर्थिंगचा रॉड अडकवायचा असतो, हे आकारामला ठाऊक होते व त्यानेच मला सांगितलेले असल्याने मलाही ठाऊक होते. रॉड लांब असतो. उसातून ओढ्यात नेताना पाल्यात अडकतो. तो बहुतेक वेळा रस्त्यावर मोटरसायकललाच बांधलेला राहत असे.

दिनांक ९ रोजी, रविवारी, धैर्यशीलने माझ्या मोटरीला मोबाईल स्टार्टर बसवला. साताऱ्याहून फोन केला की बोरजाईवाडीची मोटर चालू होते. त्याने मला सगळे समजावून सांगितले. मोटर चालू करता येते हे मी ऐकले. बंदही करता येते हे त्याने सांगितले असणार, ते मी ऐकले नाही. त्यावेळी मी स्टार्टरला नावे ठेवण्यात गुंतलो होतो.

दिनांक १० रोजी मधल्या खांबावर बशी फुटून ठिणग्या पडू लागल्या. खाली उसाचा वाळला पाला. तोडणीची टोळी आठ दिवसांवर आलेली. एक ठिणगी पाल्यात पडली तर दीड एकर जळायला अर्धा तास पुरतो. मी आकारामला त्या दिवशी तीन वेळा व दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता पुन्हा फोन केला. त्याला दुसऱ्या गावचे काम होते. मी म्हणालो, "आजच कर बाबा. ऊस गेल्यावर येऊन काय राख बघनार हायस?" तो ते काम टाकून आला.

दिनांक ११ रोजी, मंगळवारी, सकाळी १०.३५ वाजता आकाराम माझ्या विहिरीवर आला. मोटर चालू होती, गव्हाला पाणी सुरू होते. १०.३९ वाजता त्याने माझ्यासमोर उपकेंद्राला फोन लावला. फोन स्पीकरवर होता. त्याने शेतीचा फीडर बंद करण्यास सांगितले. त्यावर त्रिशलाबाई म्हणाल्या, "आकारामदादा, गावठाण आत्ताच ट्रिप झालाय, आधी तो बघते. शेतीचा बंद केला की मीच फोन करते. माझा फोन आल्याशिवाय चढू नका." आकाराम म्हणाला, "व्हय ताई." फोन ठेवून मला म्हणाला, "खाली फोन कुटला लागतोय? तुमी हाय की." आणि फोन खिशात घालून उतरला. तो फोन माझ्याजवळ ठेवून गेला असता तरी काम झाले असते. सहा वर्षांत आम्हा दोघांपैकी एकालाही हे सुचले नाही.

बाईंचे हे बोलणे मी माझ्या कानांनी ऐकले. दिनांक १२ रोजी मी ते सांगितले नाही, कारण मला कोणी विचारले नाही. हवालदार साहेब, हे वाक्य खोडू नका, पण त्यापुढे लिहा की हे कारण खरे नाही. ते सांगितले असते तर पुढचा प्रश्न आला असता की मग त्याला चढायला कोणी सांगितले.

१०.४६ वाजता हौदातील धार थांबली. मी घड्याळ पाहिले. सवय आहे. मग टॉवेल डोक्यावर ताणून धरला. खालून आकारामने उजवा हात वर करून पोच दिली. मी टॉवेल खाली घेतला.

माझ्या मोटरीच्या शेडमध्ये स्टार्टरच्या पेटीवर तीन दिवे आहेत, लाल, पिवळा, निळा. लाइन असली की ते पेटलेले असतात, मोटर चालू असो वा बंद असो. ज्या बांधावर मी उभा होतो तिथून ते शेड अठरा पावले आहे. काल मी ती पावले मोजली. पहिल्या एक-दोन वर्षांत मी आधी शेडमध्ये जाऊन दिवे विझल्याची खात्री करीत असे आणि मग टॉवेल धरीत असे. पुढे ते सोडून दिले. धार थांबली म्हणजे दिवे विझलेच, असे धरून चाललो. ११ तारखेला मी ती अठरा पावले चाललो नाही. याची मला लाज वाटते. साहेब म्हणतात जबाबात लाज लिहीत नाहीत. मी सांगितले आहे म्हणून लिहावे.

१०.४८ वाजता खाली मोठा आवाज झाला व निळा-पांढरा उजेड दिसला. आकाराम पट्ट्याला लोंबकळत होता. मी खाली धावलो. खांबापासून दहा पावलांवर थांबलो, कारण लाइनवर चिकटलेल्या माणसाला खात्री केल्याशिवाय हात लावायचा नाही हे मला त्यानेच शिकवले होते. खात्री करायला फोन हवा आणि तिथे रेंज नाही. म्हणून त्याला तसाच सोडून मी परत वर चढलो. त्रेसष्टाव्या वर्षी तो चढ मी कसा चढलो ते आठवत नाही. १०.५४ वाजता त्रिशलाबाईंना फोन लागला. मी विचारले, "लाइन बंद हाय का?" त्या म्हणाल्या, "दहा अठ्ठेचाळीसला ट्रिप झालाय. मी चार्ज केला नाही. आकारामदादा तिथं आहेत म्हणून वाट बघत्येय, फोन लागत नाही त्यांचा. काय झालं?" मी सांगितले. त्या म्हणाल्या, "आयसोलेटर उघडते, म्हणजे लाइन पक्की तुटेल. फोन ठेवू नका." थोड्या वेळाने म्हणाल्या, "उघडला. आता लावा हात."

शेजारच्या फडातील तोडणीवाल्यांनी शिडी लावून त्यास उतरवले. तो जिवंत होता. सांगलीच्या दवाखान्यात नेले. दिनांक १४ रोजी त्याचा उजवा हात कोपराखाली काढावा लागला.

येथे एक गोष्ट नोंदवावी. फीडर ट्रिप झाला की मिनिटाभराने एकदा पुन्हा चार्ज करून बघतात, अशी सगळीकडे रीत आहे. फांदीबिंदी लागलेली असते, ती सुटून जाते आणि लाइन टिकते. शेतकऱ्यांचेही फोन सुरू होतात, लाइट सोडा म्हणून. त्रिशलाबाईंनी त्या दिवशी ती रीत पाळली नाही. एका माणसाने आपल्याला फोन केला होता एवढे त्यांनी लक्षात ठेवले. त्यांनी पुन्हा चार्ज केला असता तर आज हे कागद वेगळ्या कलमाखाली लिहावे लागले असते.

दिनांक १२ रोजी चौकशीचे साहेब माझ्याकडे आले. मी त्यांना सांगितले की माझी मोटर बरोबर १०.४६ वाजता बंद पडली. टॉवेलचे बोललो नाही. साहेब म्हणाले, वेळ नक्की का? मी म्हणालो, फौजेतला माणूस आहे, घड्याळ चुकत नाही. त्यांनी ते लिहून घेतले. उपकेंद्राच्या रजिस्टरात मात्र १०.४८ ची ट्रिप सोडून शेतीचा फीडर बंद केल्याची नोंद नाही. तेव्हा साहेबांनी अर्थ लावला की बाईंनी १०.४६ ला फीडर बंद केला, चुकून दोन मिनिटांत चालू केला आणि रजिस्टर नंतर सोयीने लिहिले. बाईंनी पुष्कळ सांगितले की मी बंद केलाच नव्हता. त्यांचे रजिस्टर एकीकडे आणि नाथाजी हवालदाराचे घड्याळ एकीकडे. घड्याळावर विश्वास ठेवला गेला. मलाही तेव्हा तसेच वाटले की बाईंनीच घोळ घातला असणार. गावात तसे बोललोही.

दिनांक १६ रोजी, रविवारी, धैर्यशील घरी आला. जेवताना म्हणाला, "आबा, मंगळवारी च्याच्या सुट्टीत मी मोटर बंद केल्ती, हौद भरला आसंल म्हणून. मग परत लागलीच न्हाई, लाइट न्हवती म्हनं." मी त्यास वेळ विचारली. त्याने फोनमध्ये बघून सांगितली. दहा शेहेचाळीस. मी फोन हातात घेऊन स्वतः वाचली. माझे घड्याळ चुकले नव्हते.

त्यानंतर मी ताट सारून बसलो. आकारामने सांगितलेले सगळे मला पाठ होते, पण त्यातली एक गोष्ट त्या दिवशी कळली. कालव्याचे पाणी तोडले की आपली चारी कोरडी पडते, हे बरोबर. पण आपली चारी कोरडी दिसली म्हणून कालवा कोरडा पडला असे होत नाही. मध्येच कोणीतरी फळी टाकलेली असते. अकरा हजार बंद झाले की माझी चारशे चाळीसची मोटर बंद होणारच. मोटर बंद झाली म्हणून अकरा हजार बंद झाले, असे नाही. अडाणी माणसालाही हे कळावे. मी सहा वर्षे उलटा हिशोब धरून माणूस वर चढवत होतो आणि नशिबाने तो उतरत होता.

धैर्यशील म्हणाला, "आबा, आकाराम कुणाचं नाव घेत न्हाई. तुमी कशाला आंगावर घेताय?" तो वाईट मुलगा नाही. बापाने या वयात ठाण्याची पायरी चढू नये एवढेच त्याचे म्हणणे. त्यावर शालूबाई म्हणाली, "आन त्या बाईच्या आंगावर टाकलंय ते कुणाचं हाय?" पुढे कोणी जेवले नाही. धैर्यशीलचा यात दोष नाही. खाली माणूस आहे हे त्याला साताऱ्यात बसून कळणार नव्हते. त्याच्या फोनमधील त्या वेळेची नोंद त्याने स्वतःहून मला दिली, ती सोबत जोडत आहे.

काल दिनांक १७ रोजी मी सांगलीस जाऊन आकारामला भेटलो. त्यास सर्व सांगितले. तो म्हणाला, "आबा, टॉवेल-बिवेल काय न्हवता. मीच अंदाजानं चढलो. ह्या वयात कुटं कोर्टाच्या पायऱ्या झिजवताय?" मी म्हणालो, "आन बाईचं वय हाय का रं?" त्यावर तो म्हणाला, "तुमाला तितं मीच हुबं केलं न्हवं." एवढेच बोलणे झाले. मी त्यास मोसंबी सोलून दिली. एका हाताने सोलता येत नाही.

हवालदार साहेबांनी आज मला आकारामचा दवाखान्यात घेतलेला जबाब वाचून दाखवला. त्यात, "मी माझ्या अंदाजाने चढलो, मला कोणीही खूण केली नाही" असे लिहिले आहे. हे त्याने माझ्यासाठी सांगितले आहे. ते खरे नाही. मी खूण केली होती. त्याने ती पाहिली होती व पोच दिली होती. सिग्नलमध्ये निरोप चुकीचा गेला तर ज्याने पाठवला त्यानेच दुरुस्ती पाठवायची असते, दुसऱ्याने नाही. दुरुस्ती पुढीलप्रमाणे लिहावी : ११ फेब्रुवारी, १०.४६ वाजता दाखवलेला टॉवेल चूक. लाइन चालू होती. त्रिशला मगदूम यांनी लाइन बंद असल्याचे कोणासही सांगितले नव्हते. चढू नका असे सांगितले होते.

तो टॉवेल मी सोबत आणला असून साहेबांकडे जमा केला आहे. शालूबाईने तो धुतलेला आहे, हे पंचनाम्यात लिहावे लागेल असे साहेब म्हणाले. माझ्यावर जी काही कारवाई होईल ती मला मान्य आहे. या जबाबाची एक प्रत वीज कंपनीच्या कार्यालयास आजच जावी, एवढी विनंती आहे. उद्या गेली तर बाईंचा आणखी एक दिवस जाईल.

हा जबाब लिहून झाल्यावर साहेबांनी मला सुरुवातीपासून मोठ्याने वाचून दाखवला. दोन जागी त्यांनी वेळ चुकीची लिहिली होती, ती मी दुरुस्त करून घेतली. बाकी मजकूर मी बोललो तसाच आहे व खरा आहे. आकारामच्या जबाबाखाली सहीच्या जागी डाव्या अंगठ्याचा ठसा आहे. तो बारावी शिकलेला असून त्याची सही वळणदार होती, माझ्या घरच्या मीटरच्या कागदावर ती आहे. त्याचा ठसा पाहून कोणी त्यास अंगठेबहाद्दर समजू नये. मी माझी सही खाली उजव्या हाताने करीत आहे.

नाथाजी गणपती महाडिक
वेळ १२.४६